थेंबभर रक्तातून तापाचा शोध

पावसाळा सरत आला की आपल्या गावांत तापाची साथ सुरू होते. भातकापणी तोंडावर आलेली असते, मजूर मिळत नाहीत, आणि नेमका घरातला कर्ता माणूस अंथरूण धरतो. मग जवळच्या डॉक्टरकडे जाऊन ‘एक सुई मारा, उद्या शेतावर जायचे आहे’ असे सांगितले जाते. सुई कसली, हे कोणी विचारीत नाही. डेंग्यूच्या तापात डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन दिल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेथे तापासाठी पॅरासिटमॉल तेवढे द्यावयाचे असते. पण हा ताप डेंग्यूचा, हिवतापाचा, की उंदराच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोचा, हे पहिल्या दोन दिवसांत नुसती नाडी पाहून सांगणे भल्याभल्या डॉक्टरांनाही जमत नाही. रक्तच तपासावे लागते.

रक्त तपासायचे म्हणजे शहराची एक खेप, बुडालेली मजुरी, आणि अहवाल आणण्यासाठी पुन्हा दुसरी खेप. म्हणूनच गावातल्या गावात, बोटाच्या एका थेंबावर, काही मिनिटांत विषाणू ओळखणारे साधन करता येईल काय, या प्रश्नामागे जगभरचे शास्त्रज्ञ लागलेले आहेत. त्यांनी धरलेल्या वाटांपैकी एक वाट विजेची आहे. ती आपल्याला वाटते तितकी अनोळखी नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी साखर पाहण्याचे लहानसे यंत्र असते. त्याच्या पट्टीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, वाळवून ठेवलेले असते. रक्तातील साखर त्याला भेटली की रासायनिक क्रिया होऊन इलेक्ट्रॉन सुटतात, पट्टीवरील बारीक तारांसारख्या पट्ट्यांतून ते यंत्रात जातात आणि तेवढा विजेचा प्रवाह मोजला जातो. साखर जास्त तर प्रवाह जास्त. या कल्पनेचा पाया अमेरिकेतील लेलंड क्लार्क यांनी १९६२ साली घातला, आणि १९८७ साली पेनाएवढे यंत्र बाजारात आले. रक्तातील एखादा पदार्थ विजेच्या भाषेत सांगणाऱ्या अशा साधनाला विद्युत-रासायनिक जैवसंवेदक म्हणतात. नाव जडच आहे. आम्ही त्याला विजेची पट्टीच म्हणू.

विषाणूच्या बाबतीत अडचण अशी की साखरेसारखी त्याची सरळ क्रिया घडवून आणणारे सोयीचे विकर नसते. मग युक्ती केली जाते. आपल्या शरीरात रोगाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. प्रत्येक प्रतिपिंड आपल्या ठराविक शत्रूला, किल्ली कुलपात बसावी तसे, चिकटते. अशी प्रतिपिंडे सोन्याच्या किंवा कार्बनच्या पट्टीवर बसवून ठेवतात. डेंग्यूच्या रोग्याच्या रक्तात तापाच्या पहिल्याच दिवसापासून एनएस-१ नावाचे विषाणूचे प्रथिन फिरत असते. रक्ताचा थेंब पट्टीवर पडला की हे प्रथिन प्रतिपिंडाला जाऊन चिकटते. पाटाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला म्हणजे पाणी जसे अडते, तशी तेथे विजेची वाट अडते; तो वाढलेला अडथळा यंत्र मोजते. दुसरी रीत म्हणजे पकडलेल्या प्रथिनावर विकर लावलेले दुसरे प्रतिपिंड बसवायचे आणि त्या विकरापासून निर्माण होणारा प्रवाह मोजायचा. प्रथिनाऐवजी विषाणूचा आरएनए पकडायचा असेल तर प्रतिपिंडाच्या जागी त्याला जुळणारा डीएनएचा तुकडा ठेवतात. गुरांच्या लाळ-खुरकतीसाठीही असे प्रयत्न झालेले आहेत.

हे इतके सोपे असते तर अशी पट्टी एव्हाना दर औषधांच्या दुकानात दिसली असती. अडचण प्रमाणाची आहे. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात साखर साधारण एक मिलिग्रॅम असते. एनएस-१ मात्र तेवढ्याच रक्तात नॅनोग्रॅममध्ये असले तरी सापडले पाहिजे, म्हणजे साखरेच्या दहा लाखांश. वीस किलो तांदळाच्या पोत्यात साधारण दहा लाख दाणे भरतात. त्यातला एक खुणेचा दाणा काढण्यासारखे हे काम आहे. शिवाय रक्त म्हणजे स्वच्छ पाणी नव्हे. त्यातली इतर प्रथिने पट्टीवर येऊन बसतात आणि यंत्राला वाटते, शत्रूच सापडला. प्रयोगशाळेतल्या निर्मळ द्रावणात उत्तम चालणारी पट्टी खऱ्या रक्तात फसते ती येथे. प्रतिपिंडे उष्णतेने बिघडतात ही आणखी एक गोष्ट. मे महिन्यात कौलारू उपकेंद्राच्या कपाटात त्यांचे काय होईल, याचा विचार करणाऱ्याला करावाच लागतो. वर्तमानपत्रांत ‘पाच मिनिटांत डेंग्यूचे निदान’ अशा बातम्या येतात, त्या वाचताना हे ध्यानात असू द्यावे.

मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत मात्र विजेचा उपयोग आजही होतो. कावीळ-बी किंवा एचआयव्हीच्या अहवालावर कधी ‘ईसीएलआयए’ अशी अक्षरे दिसतात. त्यात विजेचा दाब दिल्यावर रुथेनियम धातूचे संयुग प्रकाश देते आणि तो प्रकाश मोजतात. पण ते यंत्र खोलीत ठेवायचे, खिशात नव्हे. डेंग्यूसाठी दवाखान्यात जी झटपट पट्टी वापरतात ती रंगाच्या रेघेची असते, विजेची नसते.

दुसरी एक गुंतागुंत आपल्या भागाला फार जवळची आहे. डेंग्यू, जपानी मेंदूज्वर आणि माकडताप यांचे विषाणू एकाच कुळातले. त्यामुळे एकाविरुद्धचे प्रतिपिंड कधीकधी दुसऱ्यालाही ओळख दाखवते. माकडताप प्रथम १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात सापडला. तो गोचिडीच्या चाव्यातून येतो. २०१५ साली तो गोव्यात सत्तरीकडे दिसला, आणि २०१६ साली तेथील काजूच्या बागांत कामाला गेलेल्या बेळगावकडील मजुरांतही आढळला. पट्टी डेंग्यूची असो वा माकडतापाची, तिला ही भावंडे वेगळी ओळखता आली पाहिजेत. आज माकडतापाचे खात्रीचे निदान आरटी-पीसीआर किंवा आयजीएम तपासणीनेच होते, आणि त्यासाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.

विजेची पट्टी येईल तेव्हा येवो; तोवर जे हाताशी आहे ते नीट वापरता येते, आणि त्यात दिवसांचा हिशेब फार महत्त्वाचा. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ तपासणी करावी. पाचव्या दिवसानंतर आयजीएम. दुसऱ्या दिवशी आयजीएम करून ‘डेंग्यू नाही’ म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. पूर्वी एकदा डेंग्यू झालेल्या माणसात एनएस-१ कधीकधी सापडत नाही, कारण रक्तातील जुनी प्रतिपिंडे त्याला आधीच धरून ठेवतात. म्हणून अहवाल नकारार्थी आला तरी डॉक्टरांचा संशय असेल तर त्यांचे ऐकावे.

ताप उतरला म्हणजे दुखणे गेले, ही समजूत डेंग्यूत घातक ठरते. तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, ताप उतरू लागतो नेमके तेव्हाच, काहींची प्रकृती ढासळते. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणे, फार सुस्ती यांपैकी काही दिसले तर मळणी टाकून रुग्णालय गाठावे.

ताप कोणत्या दिवशी आला ती तारीख घरच्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, म्हणजे कोणती तपासणी करायची ते डॉक्टरांना लगेच ठरविता येईल. काजूच्या हंगामात बागेतून वा रानातून आलेल्या माणसाला ताप आला तर तो कोठे कामाला होता, अंगावर गोचीड दिसली होती काय, हेही त्यांना आपणहून सांगावे. रानात मेलेले माकड दिसल्यास त्याला हात लावू नये; आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला त्याच दिवशी कळवावे.