साथ येण्याआधीचं काम

सकाळी ६

दसरा झाला की केज तालुक्यात पहाटेपासून ट्रॅक्टर घुमायला लागतात. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटून झालेली असते, मुकादमांनी टोळ्या बांधलेल्या असतात, आणि कोणती टोळी कोणत्या कारखान्यावर जाणार हे गावाला ठाऊक असतं. मी आरोग्य सेवक आहे. माझं उपकेंद्र धनेगावच्या बाजूला, मांजरा धरणाच्या अंगाला आहे.

दिवसाचं पहिलं काम ओटी टेस्ट. नळाला पाणी सुटलं की टाकीजवळच्या, मधल्या आणि शेवटच्या घरातलं पाणी छोट्या नळीत घ्यायचं आणि त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन आहे. रंग आला नाही तर ते पाणी प्यायला धोक्याचं. आज टाकीजवळ रंग छान आला, शेवटच्या वस्तीवर नळी पांढरीच राहिली. जलसुरक्षकाला बोलावून टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, गोणी बघितली. तोंड उघडं, ओल लागून पावडरीचे गठ्ठे झालेले. असली पावडर कितीही टाकली तरी उपयोग नाही, तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो. नवी गोणी उघडून घेतली, टाकीत द्रावण टाकलं आणि वस्तीवरचा गळका पाइप ग्रामसेवकांना फोन करून कळवला.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुइलेन बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा सगळ्यांचं लक्ष आधी पाण्याकडेच गेलं होतं. एवढ्या मोठ्या शहराला जे सांभाळावं लागलं, ते आम्हाला रोज सकाळी एका नळीत बघावं लागतं.

सकाळी ८

आशाताईंबरोबर घरभेटी. रांजण, हौद, कूलर, टायर. डासअळी दिसली की भांडं पालथं घालायचं, जे रिकामं करता येत नाही त्यात अबेट हे अळीनाशक टाकायचं. कुणाला ताप आहे का, घरोघर विचारायचं. असला तर रक्तनमुना घ्यायचा.

या महिन्यात घरभेटीला आणखी एक काम जोडलेलं असतं, जाणाऱ्या कोयत्यांची, म्हणजे ऊसतोड जोडप्यांची, यादी. घरात किती माणसं, बरोबर लेकरं किती, कुणी गरोदर आहे का, कोणता डोस राहिलाय, आणि मुक्काम कोणत्या कारखान्याच्या हद्दीत. एका अंगणात पेट्या, पत्र्याचे डबे, ताडपत्री बांधून ठेवली होती. लसीकरणाचं कार्ड मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाईंच्या हातात दिलं.

"भाऊ, तिकडं हे कुणाला दाखवू? आम्ही फडात, दवाखाना कुठं असतो ते बी ठाऊक नसतं."

मी कार्डाच्या मागे माझा नंबर लिहिला. त्यांचा मुक्काम आमच्याकडे लिहून असला, तर त्या भागातल्या आरोग्य केंद्राला इथून फोन करता येतो. साथ आली तर ही यादी सगळ्यात आधी लागते, आणि साथ आल्यावर ती करायला वेळ मिळत नाही.

हे २०२० ने शिकवलं. मार्चच्या शेवटी कोविडमुळे देश बंद झाला तेव्हा बीड जिल्ह्यातली माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांत अडकली होती. ३८ कारखान्यांवर १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगार असल्याचं तेव्हा सरकारकडून सांगण्यात आलं. काही टोळ्या बैलगाड्या जुंपून निघाल्या आणि जिल्ह्यांच्या हद्दींवर थांबवल्या गेल्या. जिल्ह्यातले नेते पंकजा मुंडे आणि सुरेश धस त्यांना घरी आणा म्हणून सरकारच्या मागे लागले. तेव्हाचे पालकमंत्री धनंजय मुंडे यांनी पाठपुरावा केला, आणि १७ एप्रिलला तपासणी करून त्यांना गावी पोचवण्याचा आदेश निघाला. श्रेय कुणाचं यावर पुष्कळ बोललं गेलं. गावात मात्र वेगळाच प्रश्न उभा होता. कित्येक गावांनी रस्त्यावर काट्या टाकून वाट बंद केली होती. आपलीच माणसं, आपलेच भाऊबंद, वेशीबाहेर. भीती खोटी नव्हती. पण उतरवायचं कुठे, त्यांना पाणी कोण देणार, बैलांना वैरण कोण टाकणार, हे आदेश निघाल्याने सुटलं नव्हतं. ते शिक्षक, ग्रामसेवक, आशा आणि आम्ही जागेवर ठरवलं.

सकाळी १०:३०

प्राथमिक आरोग्य केंद्र. काल आणि आजचे ताप, जुलाब, खोकल्याचे आकडे मोबाईलवर भरायचे. आम्ही लक्षणांवरून भरतो तो 'एस', डॉक्टर भरतात तो 'पी', प्रयोगशाळा भरते तो 'एल'. पूर्वी हे फॉर्म आठवड्याला कागदावर जायचे. आता ते रोज पोर्टलवर जातात.

हा फॉर्म आपल्याच जिल्ह्याचं देणं आहे, असं मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड तालुक्यातल्या मामला गावात घरांत उंदीर मरून पडू लागले, पिसवा वाढल्या. मग माणसांना ताप आला आणि काखेत, जांघेत गाठी उठल्या. ग्रंथिक प्लेग. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला होता. ओस पडलेल्या घरांतलं धान्य आणि वाढलेले उंदीर यांचा संबंध तेव्हा लावला गेला. महिन्याभरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग निघाला. लाखो लोक शहर सोडून पळाले, परदेशांनी विमानं थांबवली, माल अडवला. रोग खरंच प्लेग आहे का, यावरच तज्ज्ञांत आणि राजकारण्यांत वाद पेटला. केंद्राने प्रा. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे देशात रोगांवर नजर ठेवायची व्यवस्था नव्याने उभी राहिली आणि २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला.

उंदीर मरताहेत हे मामल्याच्या लोकांना आधी दिसलं होतं. गावाला दिसतं ते त्याच दिवशी वर पोचावं, एवढ्यासाठी हा फॉर्म आहे. रुग्ण नसला तर शून्य लिहून, पण तो पाठवायलाच हवा. 'शून्य रुग्ण' हीसुद्धा माहितीच आहे.

दुपारी १

केजला पंचायत समितीत आढावा बैठक. साथीची पूर्वतयारी हा विषय आता प्रत्येक बैठकीत असतो. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, हा आपल्या तालुक्याचा मोठा आधार. पण एप्रिल २०२१ मध्ये तिथेच एका रुग्णवाहिकेतून बावीस मृतदेह न्यावे लागले होते. मोठं रुग्णालय जवळ असलं म्हणजे तयारी झाली, असं मानणाऱ्याने तो दिवस आठवावा.

बैठकीनंतर चहाच्या टपरीवर चर्चा रंगली. एक म्हणाले, "पुढच्या वेळी कायदा कडक पाहिजे. ऐकत नाही त्याला सरळ आत टाका." दुसरे म्हणाले, "त्या कडकपणात गरिबाची चूल विझली त्याचं काय?" दोघांचंही पटण्यासारखं होतं. या भांडणाला सव्वाशे वर्षं झाली आहेत.

आपला साथरोग कायदा १८९७ चा. मुंबईत मांडवी भागात १८९६ मध्ये प्लेग निघाला आणि ४ फेब्रुवारी १८९७ ला हा कायदा झाला. पुण्यात या कायद्याच्या जोरावर प्लेग अधिकारी रँडच्या सोल्जरांनी घरं तपासली, देव्हारे आणि माजघरं तुडवली, आणि २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. एकाच शहरातली, एकाच साथीतली ही दोन कामं माझ्यासारख्याने कायम डोळ्यांसमोर ठेवावीत. एक माणसाला घरातून ओढून नेणारं, दुसरं त्याला दवाखान्यापर्यंत नेणारं.

मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. सरकारला हवे ते नियम करण्याचा अधिकार, न पाळणाऱ्याला शिक्षा, आणि अंमल करणाऱ्याला संरक्षण. ज्याला अडकवायचं त्याला जेवण, मजुरी, औषध देण्याची जबाबदारी कुणाची, हे कायद्याने ठरवलेलं नाही; खर्च कुणी करायचा ते सरकारवर सोडलेलं आहे. महाराष्ट्राने १४ मार्च २०२० चे कोविड नियम याच कायद्याखाली काढले. त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती करून आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करून गंभीर इजा करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. आमच्यासाठी ती गरजेची होती, आणि ती झाली याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण सामान्य माणसासाठी काहीच बदललं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने २८६ व्या अहवालात सांगितलं की हा कायदा अपुरा आहे: आजारी माणसाला वेगळं ठेवणं आणि नुसत्या संशयिताला काही दिवस थांबवून ठेवणं यांची व्याख्या स्पष्ट करा, कोणत्या पातळीवर कुणी काय करायचं याचा आराखडा आधीच तयार ठेवा. त्यावर राज्यात, दिल्लीत जोरात वाद व्हायला हवा. तसा होत नाही.

जगातही हाच झगडा आहे. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने साथींबाबतचा करार मंजूर केला, पण त्याआधी कितीतरी देशांत एकच शंका होती, जिनिव्हात बसून कुणी आमचं गाव बंद करणार का? करारात तसा अधिकार नाही असं लिहूनच द्यावं लागलं. आपल्यावर हुकूम कुणी चालवायचा, याची धास्ती सगळ्यांना आहे. अडकलेल्याचं पोट कुणी भरायचं, याचा उच्चार कमी.

दुपारी ३:३०

गावातली जिल्हा परिषद शाळा. मुख्याध्यापक आणि मी वर्गखोल्या बघितल्या. साथ आली की शाळाच विलगीकरणासाठी घेतात, म्हणून ती आधी बघायची. बाहेरच्या बाजूला दार असलेली खोली कोणती? मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येतं का? बायकांना रात्री बाहेर यायचं तर दिवा आहे का? स्वयंपाक शालेय पोषण आहाराच्या खोलीत करता येईल, पण मुलांची भांडी वेगळी ठेवावी लागतील. एका स्वच्छतागृहाचं दार बिजागरीतून निघालेलं, दुसऱ्याची टाकी कोरडी. २०२० मध्ये एक बाई अशाच एका शाळेत दोन दिवस पाणी कमी पीत राहिल्या, कारण दाराला कडी नव्हती. नियम पाळला जातो की मोडतो, हे अशाच ठिकाणी ठरतं.

संध्याकाळी ६

ग्रामसभा. सरपंचांनी विषय मांडला, पुढच्या वर्षाचा विकास आराखडा. मी हात वर करून बोललो. वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला असतो. त्यातून शाळेची दोन स्वच्छतागृहं, कडी-कोयंडा, पाण्याची टाकी आणि टीसीएलचा कोरडा साठा धरावा, असं मागितलं.

एक सदस्य उठले. "साथ येईल तवा बघू. आत्ता रस्त्याचं बोला. आन् आलीच तर हाय की, काट्या टाकू."

मागच्या बाजूला उभे असलेले एक गृहस्थ बोलले. गेली कित्येक वर्षं ते टोळी घेऊन जातात. "काट्या टाका, पण आमची बैलं आत घ्या. आम्ही राहू भायेर. चौदा दिस म्हणा, महिना म्हणा. बैल उपाशी मेला तर पुढच्या साली उचल कुठून घेऊ?"

सभा शांत झाली नाही, उलट बोलायला लागली. वैरण कुणाच्या वाड्यात ठेवायची, दूध कुणी काढायचं, थांबलेल्या घरातलं सोयाबीन कोण काढील, मजुरी बुडाली तर ग्रामपंचायत काय देऊ शकते. २०२० मध्ये हे प्रश्न रस्त्यावर भांडणात आले होते. आज ते चर्चेत आले. ठराव झाला: स्वच्छतागृहं, टाकी, टीसीएल, आणि थांबवलेल्या कुटुंबाचं शेत-जनावर बघायला वॉर्डनिहाय माणसं. मजुरीबद्दल वरच्या पातळीवर मागणी पाठवायची, असंही नोंदवलं.

रात्री ८:३०

जाणाऱ्या कोयत्यांची यादी, ओटीची नोंद, तापाची नोंद, ठरावाची प्रत. नोंदवही मिटण्याआधी आमदार, खासदार, मंत्री आणि विरोधी पक्ष या सगळ्यांना सांगण्यासारखी एकच गोष्ट मनात राहते. साथीत माणसाला थांबवण्याचा अधिकार सरकारला असलाच पाहिजे. मी स्वतः लोकांना थांबवलंय आणि गरज पडली तर पुन्हा थांबवीन. पण ज्याला आपण सगळ्यांच्या भल्यासाठी थांबवतो, त्याची भाकरी, त्याचा रोज आणि त्याच्या दाराची कडी याचा खर्चही त्याच कायद्यात लिहिला पाहिजे, अर्थसंकल्पात धरला पाहिजे, आणि साथ नसताना धरला पाहिजे. तेवढं झालं तर पुढच्या वेळी वेशीवर काट्या टाकायची वेळ गावावर येणार नाही, आणि ताप लपवायची वेळ माणसावर येणार नाही.