गावचा तलाव कोणाच्या दप्तरात आहे?

मृग तोंडावर आला की आपल्या जिल्ह्यात गावोगाव तलावाची चर्चा सुरू होते. पाळ कुठं खचली, तुडुमातून पाणी गळतं का, रोवणीला शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचेल का, हे सारं पानठेल्यावर बोललं जातं. ग्रामसभेच्या इतिवृत्तात मात्र त्यातलं एक अक्षर सापडत नाही, असं कितीतरी गावांचं आहे. आणि "तलाव कोणाचा?" असं विचारलं तर एकच उत्तर येतं, "सरकारचा आहे जी!" वाचकहो, हे उत्तर अर्धवट आहे. सरकार म्हणजे नेमकं कोणतं कार्यालय, हे ठाऊक नसल्यानं आपले अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतात.

मालगुजार गेले, तलाव राहिले

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आणि नागपूरच्या काही भागात मिळून साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. सरकारी कागदावर त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. यातले पुष्कळ तलाव कोहळी समाजाच्या जाणकारांनी बांधले. जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन द्यायची, अशी गोंड राजांची रीत होती, असं सांगितलं जातं. पुढं मालगुजारी आली. देखभाल मालगुजारानं बघायची आणि गावानं उन्हाळ्यात हात लावायचा, अशी वहिवाट पडली.

त्या वेळी आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता. तिथल्या १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव शासनाकडे गेले. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे आले. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला, तेव्हा नवेगावबांधसारखा मोठा तलाव तिकडे गेला. दर वेळी दप्तरं हलली, पण पाळीवर माती टाकायची कोणी, हा प्रश्न तसाच राहिला.

शंभर हेक्टरचा हिशेब

आता कामाची गोष्ट. ज्या तलावाची सिंचनक्षमता १०० हेक्टरपर्यंत आहे, तो सर्वसाधारणपणे जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतो. त्यावरचे तलाव राज्य शासनाच्या खात्यांकडे. शेतातली बोडी खासगी असेल तर तिची नोंद सातबाऱ्यावर मिळते. म्हणून जिल्हा परिषदेच्या तलावाचा अर्ज तहसीलदाराकडे देऊन उपयोग नाही. तो पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांमार्फत लघु पाटबंधाऱ्याच्या अभियंत्याकडे गेला पाहिजे. अतिक्रमणाची तक्रार असेल तर महसूल खात्याला त्याची प्रत द्यावीच लागते.

दुसरा कागद आहे निस्ताराचा. मध्य प्रांताच्या जुन्या बंदोबस्तापासून आपल्याकडे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन दस्तऐवज चालत आले. जनावरांना पाणी, वाटेचा हक्क, मासेमारी, ओलिताच्या वहिवाटी यांच्या नोंदी त्यांत असतात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही या दोन्हींची तरतूद आहे. आपल्या गावाचं निस्तार पत्रक किती जणांनी डोळ्यांनी पाहिलं आहे? तहसील कार्यालयात अर्ज करून त्याची नक्कल मागता येते.

तलाव कसा मरतो

तलाव एका वर्षात मरत नाही. पाणलोटातून दर पावसाळ्यात गाळ येतो आणि तुडुमाच्या तोंडाशी साचतो. तुडुम नीट उघडत नाही, म्हणून कोणीतरी घाईत पाळ फोडतो. सलंग फुटली की तलाव अर्धाच भरतो. कोणी सलंगीवर परस्पर माती टाकून पाणी अडवलं, तर वरच्या शेतकऱ्याची बांधी बुडते आणि भांडण पोलीस ठाण्यात जातं. पाणी लवकर आटलं की बुडीत जागेत नांगर फिरतो. दोन-चार वर्षांनी तीच जागा "आमची वहिवाट" होते. उरलेल्या पाण्यात बेशरम माजते.

यात सगळ्यात आधी भरडला जातो तो ढिवर समाज. धानाला पाणी सोडा म्हणून शेतकऱ्याचा तगादा, तर मासळीपुरतं पाणी राहू द्या म्हणून मच्छीमार संस्थेची विनवणी. दोघांचंही म्हणणं खरं आहे. गाळानं तलावाचं पोट भरल्यावर दोघांना पुरेल एवढं पाणीच उरत नाही.

गाळ काढणं हाच उपाय ना, असं कोणी म्हणेल. उपाय आहे, पण तारतम्यानं. राज्याची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये पुन्हा राबवली गेली. हा गाळ बांधीत टाकला तर जमिनीला बरकत येते. मात्र पाळीच्या पायथ्याशी यंत्र लावलं तर पाळ कमजोर होते. पाणी धरून ठेवणारा तळाचा थर खरवडला तर पाणी मुरून जातं. खोली कुठं आणि किती करायची, हे अभियंत्याकडून आखून घ्या, ठेकेदारावर सोडू नका. शेजारच्या अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर बायाबापड्यांना सोबत घेऊन बेशरम काढली, देशी पाणवनस्पती लावल्या, देशी मासळीकडे लक्ष दिलं. नुसतं खोदून तलाव जिवंत होत नाही, हे त्या कामातून शिकण्यासारखं आहे.

ग्रामसभेत काय विचाराल?

वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या सुमारास त्या होतात. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी, तेवढी हजेरी लागते. मुख्य सभेच्या आधी महिलांची सभा होते. पाणी भरणाऱ्या आणि मासळी विकणाऱ्या बायांनी तलावाचा विषय तिथूनच पुढं न्यावा. सभेत हे पाच प्रश्न विचारा :

१. आपला तलाव कोणत्या विभागाकडे आहे आणि त्याची नोंदलेली सिंचनक्षमता किती?

२. तलावाची हद्द शेवटची कधी मोजली? बुडीत क्षेत्रात अतिक्रमण आहे का?

३. पाळ, तुडुम, सलंग आणि पाट यांच्या दुरुस्तीवर गेल्या पाच वर्षांत किती खर्च झाला?

४. मासेमारीचा ठेका कोणाकडे, किती रकमेला आणि कधीपर्यंत?

५. गावच्या विकास आराखड्यात तलावाचं काम घेतलं आहे का?

उत्तर नसेल तर ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या. ग्रामसेवकाला २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण इतिवृत्त लिहिण्याचं काम त्यांचंच आहे. ठरावानं दुसऱ्या दिवशी पाळीवर माती पडणार नाही, हे खरं. पण पंचायत समितीत जाताना हातात गावाचा कागद असतो. तरीही माहिती मिळाली नाही, तर १० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

अतिक्रमणाबाबत आणखी एक आधार लक्षात ठेवा. पंजाबातल्या एका गावतळ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ रोजी निकाल दिला. गावाच्या सामाईक जमिनीवरची बेकायदा अतिक्रमणं हटवण्यासाठी साऱ्या राज्यांनी योजना आखावी, असं त्यात बजावलं आहे. अर्जात या निकालाचा उल्लेख जरूर करा.

पावसाला अजून अवधी असेल तर एक दिवस काढा. शेतकरी, ढिवर, गुराखी आणि ग्रामपंचायत सदस्य यांनी मिळून पाळीवरून एक फेरी मारा. कुठं भेग आहे, कुठं झाड उन्मळलं, तुडुम उघडतो की नाही, हे वहीत लिहा आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. येत्या ग्रामसभेला ती वही सोबत न्यायला विसरू नका.