आपल्या ब्लॉगवर कोणत्या जाहिराती दिसाव्यात, हे आपण किती ठरवू शकतो?

मागच्या महिन्यात एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याचा मेसेज आला. "ताई, तुमच्या ब्लॉगवर जे जर्नल दिलंय, त्यात पेपर पाठवू का? सात दिवसांत छापतात म्हणे. फी भरायचं पान उघडून बसलोय."

मी तर कुठल्याच जर्नलचं नाव दिलं नव्हतं. स्क्रीनशॉट मागवला, तेव्हा उलगडा झाला. बोगस जर्नल कशी ओळखायची, या माझ्याच लेखाच्या मधोमध झटपट प्रकाशनाची जाहिरात होती आणि त्याला ती माझी शिफारस वाटली. त्याला वेळेवर थांबवता आलं. पण असे आणखी किती जण न विचारता पुढे गेले असतील, हे मला कधीच कळणार नाही. तुमच्यापैकी अनेक जण संशोधनाचा ब्लॉग सुरू करायच्या विचारात आहेत, म्हणून हा विषय आज सविस्तर पाहू.

जाहिरात निवडतं कोण?

मी रोज शीळफाट्यावरून जाते. तिथल्या कोंडीत अडकलेल्या प्रत्येकाला गृहप्रकल्पांची तीच होर्डिंग्ज दिसतात. बस असो, रिक्षा असो, फलक एकच. वेबसाइटचं तसं नाही. पान उघडताना, डोळ्याची पापणी लवायच्या आत, त्या जागेचा लिलाव होतो. त्यात तीन गोष्टी मुख्यतः पाहिल्या जातात: पानावरचा मजकूर, वाचकाची आधीची आवडनिवड आणि जाहिरातदाराने मुद्दाम निवडलेल्या साइट.

माझ्या लेखात 'जर्नल', 'पेपर', 'प्रकाशन' हे शब्द पन्नास वेळा होते. मी सावध करतेय की शिफारस करतेय, एवढा फरक यंत्रणेला कळेलच असं नाही. तेच पान मी कोंडीत बसून माझ्या फोनवर उघडलं, तर मला २ बीएचकेची जाहिरात दिसली!

इथेच संशोधनातला पहिला धडा आहे: आपण स्वतः म्हणजे नमुना नव्हे. "मला तर चांगल्याच जाहिराती दिसतात" हा पुरावा होत नाही.

हातात काय काय आहे?

मी गुगल ॲडसेन्स वापरते, म्हणून त्याचं सांगते. त्यातल्या 'ब्लॉकिंग कंट्रोल्स'मध्ये चार मुख्य उपाय मिळतात.

१. संवेदनशील वर्ग: ज्योतिष व गूढविद्या, झटपट श्रीमंती, वजन घटवणे, राजकारण, धर्म वगैरे. प्रत्येक वर्ग वेगळा बंद करता येतो. त्या वर्गातून किती टक्के जाहिराती आणि उत्पन्न येतं, तेही शेजारी दिसतं.

२. सर्वसाधारण वर्ग: शिक्षण, वित्त, घरबांधणी इत्यादी आणि त्यांचे उपवर्ग.

३. जाहिरातदाराचा पत्ता: एखाद्या साइटचं डोमेन टाकलं की तिच्या जाहिराती थांबतात.

४. जाहिरात तपासणी केंद्र: आपल्या साइटवर आलेल्या जाहिराती एकेक पाहून बंद करता येतात. स्वतःच्या पानावर जाऊन जाहिरातीवर क्लिक करून तपासू नका. तो नियमभंग आहे आणि खातं बंद होऊ शकतं.

आणखी एक सोपा उपाय लोक विसरतात. ऑटो ॲड्स वापरत असाल, तर एखादं पान जाहिरातींतून पूर्ण वगळता येतं. बोगस जर्नलवरचा तो लेख मी आता वगळलाय.

वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत ब्लॉगवर कंपनी स्वतः जाहिराती दाखवू शकते. तिथे हे अधिकार तुमच्याकडे नसतात, त्यामुळे ब्लॉग सुरू करण्याआधीच हे पाहून घ्या.

काय बंद करावं?

मी एकच कसोटी लावते: ही जाहिरात माझ्या शब्दाच्या आधाराने वाचकाचं नुकसान करेल का?

ज्योतिष-वशीकरणाचा वर्ग मी पहिल्याच दिवशी बंद केला. लोकलच्या डब्यात बाबा-बुवांची स्टिकर्स पाहून आपण हसतो, पण तीच गोष्ट विज्ञानाच्या लेखाखाली आली की तिला वजन येतं. महाराष्ट्रात याला कायद्याचीही बाजू आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा आधार घेत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये, चमत्कारी शक्तीचा दावा करणाऱ्या यंत्रांची टीव्हीवरची जाहिरात बेकायदेशीर ठरवली आणि ती दाखवणाऱ्या वाहिन्यांनाही जबाबदार धरलं. प्रकरण टीव्हीचं होतं, पण "जाहिरात दुसऱ्याची, मी फक्त जागा दिली" हे उत्तर पुरत नाही, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

जर्नलच्या जाहिरातींचा प्रश्न अवघड आहे, कारण 'बोगस जर्नल' असा वेगळा वर्गच नाही. अख्खं 'शिक्षण' बंद केलं, तर चांगले अभ्यासक्रमही जातात. म्हणून तिथे मी एकेक डोमेन बंद करते. यूजीसीने केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून जर्नल पारखायची जबाबदारी विद्यापीठांवर आणि आपल्यावरच आलीय, तेव्हा ही काळजी जास्तच हवी.

मर्यादा

गाळणी कधीच शंभर टक्के नसते. वर्गीकरण यंत्र करतं, त्यामुळे काही वाईट जाहिराती सुटतात आणि काही चांगल्या अडकतात. एक डोमेन बंद केलं की तीच मंडळी दुसऱ्या नावाने येतात. शिवाय बोली लावणारे कमी झाले की उत्पन्न घटू शकतं. माझंही थोडं घटलं. मुळात ते फार नव्हतंच!

म्हणून मी महिन्यातून एकदा तपासणी केंद्र उघडते, बंद केलेल्या डोमेनची तारीखवार नोंद ठेवते आणि वेगवेगळ्या शहरांतल्या चार मित्रमैत्रिणींकडून स्क्रीनशॉट मागवते. प्रत्येक जाहिरातीच्या डोक्यावर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहिलंय.

त्या विद्यार्थ्याचा पेपर आता त्याच्या गाइड वाचताहेत. सात दिवसांत छापून येणार नाही, पण त्याचे पैसे त्याच्याकडेच आहेत. आणि तुम्हाला माझ्या पानावर काही खटकणारं दिसलं, तर क्लिक न करता स्क्रीनशॉट पाठवा. मला जे दिसत नाही, ते तुमच्याकडूनच कळेल.