इरावतीबाईंनी मोजलेल्या कवट्या

विंचूरच्या बाजार आवारातला कोणताही कांदा बरोबर मधोमध चिरा. दोन्ही अर्धुकं सारखी निघणार नाहीत. त्या फरकावरून कांदा किती तिखट हे सांगणाऱ्याला व्यापारी वेड्यात काढतील. पण 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये एक नामवंत प्राध्यापक माणसाच्या कवटीबाबत काहीसं असंच म्हणत होता आणि त्याला कुणी हसत नव्हतं.

तो ऑयगेन फिशर. बर्लिनच्या दाहलेम भागात 1927 मध्ये स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचा प्रमुख. त्याचा कयास असा, की गोऱ्या युरोपीयांची बुद्धी अधिक तर्कनिष्ठ, म्हणून त्यांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत फरकही इतरांपेक्षा जास्त असणार. हे तपासायचं काम आलं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेल्या एका विद्यार्थिनीकडे. इरावती कर्वे, महर्षी कर्व्यांच्या सूनबाई.

बाईंनी 149 कवट्या मोजल्या. त्यांत आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून उचलून आणलेल्याही होत्या. कुणाकुणाची माणसं होती ती, त्यांच्या घरच्यांना कुणी विचारलंही नव्हतं. दोन बाजूंचा फरक निघाला, पण सगळ्यांतच. काळ्या-गोऱ्याशी त्याचा संबंध काही लागेना. मला नवल वाटतं ते इथे: परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्याच्या हाती त्याच माणसाच्या सिद्धान्ताविरुद्ध जाणारे आकडे बाईंनी जसेच्या तसे प्रबंधात मांडले. फिशरने पदवी दिली, पण उत्तीर्ण होण्यापुरत्या, सगळ्यांत खालच्या श्रेणीत.

तो प्रबंध ज्यूद्वेषावर नव्हता. पण वंशांची प्रतवारी लावता येते या ज्या समजुतीवर विद्यापीठातला ज्यूद्वेष शास्त्राचा झगा घालून उभा होता, तिच्या एका खांबाला त्याने धक्का दिला. पुढे 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला. एप्रिलच्या कायद्याने ज्यू अध्यापकांना नोकरीतून काढलं, मे महिन्यात बर्लिन विद्यापीठासमोरच्या चौकात पुस्तकं जाळली गेली आणि त्याच वर्षी फिशर त्या विद्यापीठाचा कुलगुरू झाला. कोण ज्यू आणि कोण नाही, याचे दाखले त्याच्या संस्थेतले तज्ज्ञ देऊ लागले. त्या दाखल्यावर माणसाचं जगणं-मरणं ठरे.

इरावतीबाई तोवर परतल्या होत्या. 1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. गंमत म्हणा किंवा विसंगती, मोजपट्टी त्यांनी टाकली नाही. महाराष्ट्रातल्या जातीजातींतली माणसं मोजली. त्या मोजमापांवर आज आक्षेप घेता येतात, घ्यावेतही. पण त्यातूनही त्यांच्या हाती प्रतवारी आली नाही. कुंभार या एका नावाखाली नांदणारे गट एकाच मूळचे नाहीत, असं त्या सांगू लागल्या. आणि एक जात फुटून पोटजाती झाल्या, या आपले गुरू घुर्ये यांच्या मताशीही त्यांचं जमेना.