हिमलोट, हिमऋतूच्या प्रारंभीचे
डोंगरउतारावर साचलेली हिमराशी गुरुत्वाकर्षणामुळे अकस्मात निसटून वेगाने खाली येते, तिला हिमलोट म्हणतात. त्याचा संबंध सामान्यतः भर हिवाळ्यातील जाड हिमाशी जोडला जातो. तथापि ऋतूच्या आरंभीचा पातळ थरही घातक ठरतो. किंबहुना तो पातळ असतो म्हणूनच दुर्बल बनतो.

हिमाखालील जमिनीचे तापमान बहुधा ०° से. च्या आसपास असते, तर निरभ्र रात्री हिमाचा पृष्ठभाग पुष्कळच थंड होतो. थर दोन मीटर जाड असल्यास हा फरक मोठ्या अंतरात विभागला जातो, ३० सेंमी. जाडीच्या थरात मात्र तापमान दर १० सेंमी. ला १° से. पेक्षाही अधिक बदलू शकते. अशा वेळी तळाकडील बाष्प वर सरकते आणि हिमकणांचे रूपांतर कोनयुक्त, पेल्याच्या आकाराच्या सुट्या स्फटिकांत होते. मुठीत घेतल्यास ते जाड साखरेप्रमाणे ओघळतात. त्यांवर नव्या हिमवृष्टीचा किंवा वाऱ्याने दाबून बसविलेला घट्ट थर आला, की एका माणसाच्या भारानेही तळचा थर कोसळतो, भंग दूरवर पसरतो आणि वरचा थर लादीसारखा निसटतो. असे उतार बहुधा ३०° ते ४५° चढाचे असतात.

उत्तर गोलार्धात दक्षिणाभिमुख उतारांवरील पहिले हिम पुष्कळदा वितळून जाते. उत्तराभिमुख, छायेतील घळींत ते टिकते व तेथेच दुर्बल होते. म्हणजे आरंभी जेथे हिम मिळते म्हणून लोक जातात, तीच जागा बहुधा अधिक धोक्याची असते.

उच्च हिमालयात हा काळ मॉन्सूनच्या अखेरीपासूनच सुरू होतो. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे पथक हिमलोटात सापडून किमान २७ प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक मृत्युमुखी पडले. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘हुदहुद’ चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे नेपाळातील थोरोंग ला (उंची ५,४१६ मी.) परिसरात प्रचंड हिमवृष्टी झाली, हिमवादळ व हिमलोट यांत ४० हून अधिक लोक दगावले. दिवाळीच्या सुटीत हिमालयात पदभ्रमणास जाणाऱ्या महाराष्ट्रीयांनी हा दुसरा प्रसंग विशेष ध्यानात ठेवावा, कारण ती वाट गिर्यारोहकांची नव्हे, पदयात्रींची होती.

पावलाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज होणे, हिमात तडे धावणे आणि शेजारच्या उतारावर ताजा हिमलोट दिसणे ही धोक्याची स्पष्ट चिन्हे होत. मोठी हिमवृष्टी किंवा जोराचा वारा झाल्यावर निदान पहिले एक-दोन दिवस तीव्र उतार टाळणे इष्ट. तळाशी दुर्बल थर असल्यास धोका आठवडेच्या आठवडे टिकतो. खड्डा खणून थर तपासता येतात, परंतु ऋत्वारंभी हिम पावलोपावली बदलत असल्याने एका खड्ड्यावर विसंबणे योग्य नव्हे. पातळ हिमाखालील खडकांवर आपटूनही इजा होते.

धोक्याचा पट्टा एकेकट्याने ओलांडावा, इतरांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढल्यास वाचण्याचा संभव बराच असतो. नंतर तो झपाट्याने घटतो. त्यामुळे बाहेरील मदत सहसा उशिराच ठरते. संदेश-प्रक्षेपक (४५७ किलोहर्ट्‌झ), शोधकाठी व फावडे ही साधने प्रत्येकाजवळ असावी लागतात.

मनाली येथे १९६९ मध्ये स्थापन झालेली हिम व हिमलोट अध्ययन संस्था २०२० मध्ये संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या नव्या भू-माहितीविषयक संस्थेत विलीन झाली. हिमालयातील हिमलोटांची पूर्वसूचना ही संस्था देते.