तरुण वादकांची उन्हाळी शाळा



एखादें मूल गुरूपुढें एकटें बसून सतार शिकूं शकतें, व्हायोलिनही शिकूं शकतें. परंतु वाद्यवृंदांत वाजविणें मात्र एकट्यानें शिकतां येत नाहीं. गोष्ट दिसावयास अगदीं साधी आहे. पण याच अडचणींतून पाश्चात्त्य देशांत शिक्षणाची एक निराळी पद्धति निर्माण झाली. उन्हाळ्याच्या सुट्टींत देशोदेशींचे तरुण वादक एका ठिकाणीं जमवावयाचे, कांहीं आठवडे नामांकित कलावंतांच्या हाताखालीं त्यांना एकत्र वाजवावयास लावावयाचें, आणि जें साधलें असेल तें जलशांतून लोकांपुढें मांडावयाचें. या उन्हाळी शाळांची, आणि त्यांच्याशीं निगडित अशा मुंबईच्या एका पितापुत्रांची हकीगत आज सांगावयाची आहे. मी पाश्चात्त्य संगीताचा पंडित नव्हें. बुलढाणा जिल्ह्यांत मुलांना शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. तेव्हां माझें लक्ष संगीतापेक्षां शिकविण्याकडेच अधिक राहील, हें आपण समजून घ्यालच.

प्रथम वाद्यवृंदाची रचना पाहूं. पूर्ण सिंफनी वाद्यवृंदांत ऐंशी ते शंभर वादक असतात. तंतुवाद्यांचे गट पांच : पहिलीं व्हायोलिनें, दुसरीं व्हायोलिनें, त्यांहून किंचित् मोठा व्हायोला, गुडघ्यांत धरून वाजवावयाचा चेलो, आणि माणसाहूनही उंच असा डबल बास. त्यांच्या मागें बासरी, ओबो, क्लॅरिनेट इत्यादि फुंकवाद्यें, त्यांच्यामागें पितळी कर्णे, आणि सर्वांच्या शेवटीं नगारे. जलशापूर्वीं ओबोवादक एक सूर धरतो व त्या सुराशीं सारे आपापलें वाद्य जुळवून घेतात. तंतुवादक दोघे-दोघे मिळून एकाच घडवंचीवरील कागद वाचतात. पान संपलें कीं दोघांपैकीं एकानें तें उलटावयाचें आणि दुसऱ्यानें वाजवीत राहावयाचें, हा शिरस्ता. गटांतील सर्वांचे गज एकाच क्षणीं वर गेले पाहिजेत व एकाच क्षणीं खालीं आले पाहिजेत.

यांत खरी मख्खी अशी कीं, प्रत्येक वादकापुढें जो कागद असतो त्यावर फक्त त्याचीच ओळ लिहिलेली असते. संपूर्ण रचना असते ती संचालकापुढें. दुसरे काय वाजवीत आहेत हें वादकानें कानांनीं ओळखावयाचें, आणि त्या बेतानें आपला आवाज कमी-जास्त करावयाचा. एखाद्या कर्णेवाल्याच्या वांट्याला पुष्कळ वेळ नुसतें मात्रा मोजीत गप्प बसणेंही येतें. पण त्याची पाळी येतांच सूर अचूक उमटला पाहिजे.

आपल्याकडे याला जवळचा दाखला शोधावयाचा तर दूर जावयास नको. शेगांवाहून दर वर्षीं आषाढीसाठीं पंढरपुरास पायीं जाणारी श्रीगजानन महाराजांची पालखी आपणांपैकीं अनेकांनीं पाहिली असेल. मृदंगाच्या एका थापेबरोबर टाळ पडतात आणि पाउलेंही पडतात. तेथें नव्या पोराला कोणी निराळा धडा देत नाहीं. जुन्या टाळकऱ्याच्या शेजारीं चालतां चालतां तो ताल अंगीं मुरवितो. मात्र एक भेद लक्षांत ठेवला पाहिजे. दिंडींत सर्वांच्या मुखीं एकच अभंग असतो; वाद्यवृंदांत निरनिराळ्या गटांच्या ओळी निरनिराळ्या असून त्यांचें मिळून एक संगीत व्हावयाचें असतें. म्हणून तेथें शेजाऱ्यासारखें करणें पुरत नाहीं. शेजाऱ्याला ऐकून स्वतःचें निराळें करावें लागतें.

हें शिक्षण घरीं मिळत नाहीं, आणि लहान गांवीं तर मुळींच नाहीं. ही उणीव भरून काढणाऱ्या संस्थांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांतल्या टँगलवुड या ठिकाणाचें नांव अग्रभागीं आहे. बोस्टन सिंफनी वाद्यवृंदाचे संचालक सर्जी कुसेव्हिट्स्की यांनीं तेथें १९४० सालीं उन्हाळी संगीत-केंद्र सुरू केलें. हे गृहस्थ जन्मानें रशियन, आणि मूळचे डबल बासचे वादक. तेथील पद्धति अशी : परीक्षा घेऊन थोडे तरुण निवडावयाचे, त्यांचा राहण्या-जेवण्याचा व शिक्षणाचा खर्च संस्थेनें सोसावयाचा, प्रथम एकेका गटाची निराळी तालीम, मग सर्वांची एकत्र तालीम, शिवाय चार-पांच वादकांच्या लहान संचांचाही अभ्यास. शिकविणारे स्वतः नाणावलेल्या वाद्यवृंदांत वाजविणारे असतात. त्यामुळें सकाळीं ज्यानें चूक दाखविली त्याचेंच वादन संध्याकाळीं जलशांत ऐकावयास मिळतें. शिक्षक या नात्यानें मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

त्या पहिल्याच वर्षीं विद्यार्थ्यांमध्यें लेनर्ड बर्नस्टाइन नांवाचा एक तरुण होता. पुढें तो जगद्विख्यात संचालक झाला. आणि पन्नास वर्षांनंतर, १९९० सालीं, आयुष्याच्या अखेरच्या वर्षीं, त्यानें जपानांत साप्पोरो येथें तरुण वादकांसाठीं तशाच महोत्सवाचा पाया घातला. विद्येचें ऋण फेडण्याचा याहून उचित मार्ग कोणता?

आतां मुंबईकडे वळूं. मेहली मेहता यांनीं १९३५ सालीं बाँबे सिंफनी वाद्यवृंदाची स्थापना केली. पुढल्याच वर्षीं त्यांना पुत्र झाला. तेच झुबिन मेहता. वैद्यकीचा अभ्यास सोडून झुबिन १९५४ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, व्हिएन्नास गेले. संचालक होण्याची आकांक्षा असूनही तेथें त्यांनीं वाद्य घेतलें तें डबल बास, म्हणजे वाद्यवृंदाच्या मागल्या बाजूला उभें राहून वाजवावयाचें. १९५६ च्या उन्हाळ्यांत ते इटलींतील सिएना येथील वर्गास गेले. तेथें त्यांचे सोबती होते क्लॉडिओ अब्बादो आणि डॅनियल बॅरनबॉइम; बॅरनबॉइम तर त्या वेळीं अवघे तेरा वर्षांचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस हंगेरींतून पळून आलेल्या निर्वासितांसाठीं झुबिन यांनीं व्हिएन्नांतील विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवून छावणींत जलसा केला. १९५८ च्या उन्हाळ्यांत झुबिन व अब्बादो दोघेही टँगलवुडला होते. एका मुंबईकर मुलाची ही घडण पुष्कळ अंशीं सुट्टीच्या दिवसांत आणि परक्या सोबत्यांच्या संगतींत झाली, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

सिएनाच्या त्या बालविद्यार्थ्यानें पुढें याच पद्धतीचा एक धाडसी प्रयोग केला. बॅरनबॉइम आणि पॅलेस्टाइनमध्यें जन्मलेले विद्वान एडवर्ड सैद यांनीं १९९९ सालीं जर्मनींतील वायमार येथें इस्रायली व अरब तरुण वादकांचें उन्हाळी शिबिर भरविलें. ज्यांच्या देशांत वैर, त्यांनीं एका घडवंचीवरील एकच कागद वाचावयाचा! त्यामुळें राष्ट्रांतलें वैर मिटलें नाहीं, आणि तसें म्हणणें भाबडेपणाचें होईल. परंतु शेजारच्याचा सूर ऐकल्याविना आपला सूर लागत नाहीं, एवढें तरी त्या मुलांना पटलें असेल.

मेहली मेहतांच्या हकीगतीचा उत्तरार्ध मात्र आपणांस अंतर्मुख करणारा आहे. १९४५ सालीं ते अधिक शिक्षणासाठीं न्यूयॉर्कला गेले, परत आले, आणि १९५५ च्या सुमारास देश सोडून इंग्लंडांत मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदांत वाजवूं लागले. तेथून ते अमेरिकेस गेले. १९६४ सालीं लॉस एंजलिस येथें त्यांनीं तरुणांचा एक वाद्यवृंद काढला आणि तेहतीस वर्षें त्यांतून वादक घडविले. मुंबईचा हा आचार्य. पण त्याच्या उतारवयांतल्या विद्येचा लाभ परक्या मुलांना झाला. मुंबईंत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेंत २००६ सालीं सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली, तेव्हां त्यांत पुष्कळसे वादक परदेशांतून आणावे लागले. वाद्यें विकत आणतां येतात, सभागृह बांधतां येतें. पण एकत्र वाजविण्याची संवय लहानपणींच लावावी लागते.

ही संवय आपल्या मातींत रुजतच नाहीं, असें कोणीं म्हणूं नये. गोमंतकांतील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन एकत्र शिकवीत. त्या परंपरेंतून आलेल्या गोमंतकीय वादकांनींच पुढें मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद भरून काढले. मैहर येथें उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनीं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस अनाथ मुलें गोळा करून त्यांचा वाद्यवृंद उभा केला, आणि तोही आपल्या रागदारीवर.

आमच्या बुलढाणा, खामगांव, मलकापूर, मेहकर यांसारख्या गांवीं तबला, हार्मोनियम, बासरी, व्हायोलिन शिकणारीं मुलें आहेत. तीं एकेकटीं शिकतात, एकेकटीं परीक्षेस बसतात, प्रमाणपत्र भिंतीवर लागतें, आणि पुष्कळदां वाद्य खोळींत जातें. असें कां व्हावें? माझ्या मतें मुलाचा कंटाळा हें त्याचें मुख्य कारण नसून एकटेपणा हें आहे. दहा मुलांनीं मे महिन्यांत रोज सकाळीं दोन तास शाळेच्या रिकाम्या खोलींत जमावें, एखाद्या जाणत्यानें भूपाच्या एका गतीचे चार निरनिराळे भाग करून त्यांत वांटून द्यावे, आणि पंधरा दिवसांनीं आईबापांपुढें तें वाजवून दाखवावें. यासाठीं टँगलवुडची संपत्ति लागत नाहीं. लागते ती खोलीची किल्ली, आणि मुलाला तेथें वेळेवर पाठविणारे पालक.

यांतलीं सर्व मुलें वादक होणार नाहींत, हें उघड आहे. परंतु आपली पाळी नसतांना शांत राहणें, ती आली असतां मागें न सरणें, आणि स्वतः वाजवीत असतांही दुसऱ्याचें ऐकणें, एवढें जरी त्यांच्या पदरीं पडलें, तरी त्यांची सुट्टी सार्थकीं लागली असें मी समजेन.