कांद्याच्या कुळातील फुलझाडे

कांदा व लसूण यांचे स्थान स्वयंपाकघरात कायमचे मुक्रर झालेले असल्यामुळे, त्यांचेच सगोत्र केवळ शोभेसाठी बागेत लावले जातात, ही गोष्ट आपल्याकडील वाचकांस काहीशी चमत्कारिक वाटेल. तथापि कांदा-लसणाच्या ॲलियम या प्रजातीत नऊशेंहून अधिक जातींचा समावेश असून, त्यांतील कित्येक जाती इंग्लंड-हॉलंडच्या उद्यानांत मानाने नांदत आहेत. ग्लॉस्टरशरमधील बार्न्सली हाउस येथे उद्यानरचनाकार रोझमेरी व्हेरी यांनी लॅबर्नमच्या पिवळ्या, लोंबत्या घोसांखाली ॲलियमच्या जांभळ्या गोलांची जी योजना केली, तिची ख्याती तर दूरवर पसरली.

या वनस्पतींच्या लागवडीचे बहुतेक नियम त्यांच्या जन्मभूमीकडे दृष्टी टाकली असता आपोआप उलगडतात. दीड मीटर उंचीचा ‘गायगँटियम’, वीतभर व्यासाचा चंदेरी-जांभळा तारकागुच्छ धारण करणारा ‘क्रिस्टोफी’, रुंद करड्या पानांचा ठेंगणा ‘काराताविएन्से’ हे सारे इराणपासून मध्य आशियापर्यंतच्या प्रदेशातील. तेथे हिवाळा कडक, वसंतातील ओल अल्पकाळ टिकणारी आणि उन्हाळा रखरखीत. त्यामुळे कंदाने थंडीत मुळे धरावी, वसंतात घाईने पाने काढावी, आणि ओल सरताच आपली सारी मिळकत जमिनीखालच्या खजिन्यात जमा करून निद्रिस्त व्हावे, असा त्याचा जीवनक्रम ठरून गेला आहे.

म्हणूनच तिकडे कंद शरद ऋतूत, त्याच्या उंचीच्या तिप्पट खोल, भरपूर उन्हात व पाण्याचा उत्तम निचरा होणाऱ्या जमिनीत लावतात. चिकण मातीत बारीक खडी मिसळतात, कारण विश्रांतीच्या काळात ओल साचल्यास कंद कुजतो. फुले उमलण्याच्या सुमारास पाने पिवळी पडतात, तो रोग नव्हे. ती हिरवी असतानाच कापून टाकली, तर पुढील वर्षीच्या फुलोऱ्याची बेगमीच घटते, यास्तव जाणते माळी पुढच्या बाजूस दाट पानांची बुटकी झाडे लावून पिवळ्या पानांचे वैरूप्य झाकतात. पाने चुरडल्यावर येणारा उग्र दर्प गंधकयुक्त द्रव्यांचा असून, त्यामुळे हरणे या झाडांच्या वाटेस सहसा जात नाहीत. मधमाश्या मात्र फुलांवर गर्दी करतात.

महाराष्ट्रातील सौम्य हिवाळा या पहाडी जातींस पुरत नाही, आणि आपला पावसाळा त्यांच्या निद्रेच्या ऐन काळात येतो. तेव्हा येथे त्यांचा अट्टाहास न करणेच श्रेयस्कर. परंतु बियाण्यासाठी राखलेल्या कांद्यास डेंगळे येतात, तेव्हा त्याच कुळाचा पांढरा, गोलाकार गुच्छ आपल्या शेतांतही पाहावयास मिळतो. हौशी गृहस्थाने कार्तिकात कोंब आलेले चार कांदे उन्हातील कुंडीत पुरले, तर थंडी सरता सरता तो फुलोरा त्याच्या अंगणात येण्याचा पुष्कळ संभव आहे, आणि त्यासाठी हॉलंडहून कंद मागविण्याचा खर्च करावा लागणार नाही.